एका साच्यातले कप

"तो नको गं, शीलाला तिचा निळा दे," निरुपमाताई म्हणाल्या आणि मान वर न करता हातातल्या कागदावर पुन्हा पेन्सिल फिरवू लागल्या. गंगीबाईंनी माझ्यापुढे ठेवलेला तपकिरी कप उचलला. त्या आत गेल्या नाहीत. तिथेच खुंटीवरचा निळा कप काढला आणि माझ्या डोळ्यांसमोर या कपातला चहा त्या कपात ओतला. एवढंच झालं. एक बारीक धार, तिचा आवाज, वर आलेला फेस, आणि "चुकलं बाई" असं गंगीबाईंचं पुटपुटणं. दिल्लीहून आलेला दाढीवाला पाहुणा माशाचं चित्र असलेला कप ओठांना लावत म्हणाला, "हर किसी का अपना कप. बढ़िया है." ताई हसल्या. म्हणाल्या, आमच्या कुंभाराने केलेत, एकासारखा दुसरा नाही. मीही हसले. चहा गिळताना मला माझ्याच घशाचा आवाज ऐकू आला. माझी लेक दीपा मांडीला टेकून बिस्किट चघळत होती. तिला बशीत दोन घोट ओतून द्यायची माझी सवय. त्या दिवशी हात उठला नाही. का उठला नाही ते तेव्हा कळलं नाही. नजर मात्र आपोआप हिशेब करायला लागली होती. माशाचा कप मागच्या आठवड्यात वकीलसाहेबांच्या बायकोच्या हातात होता. त्याआधी पुण्याहून कापसावर अभ्यास करायला आलेल्या त्या मुलीच्या. तपकिरी, हिरवट, काठ वाकडा असलेला, सगळे कप या हातातून त्या हातात फिरत होते, ज्याला जो मिळेल तो. खुंटीवर एकटा लटकायचा तो निळा. तो कधी कोणाच्या हातात मी बघितला नव्हता.

आणि हेही खरं की तो ताईंनीच मला दिवाळीनंतर दिला होता. "हा तुझा. दुसऱ्या कोणाला द्यायची नाही मी," असं म्हणाल्या होत्या, आणि मी घरी येऊन नवऱ्याला, अश्वजितला, सांगितलं होतं, जेवताना, जरा तोऱ्यातच. तो म्हणाला होता, "मंग काय, आता त तुहा लय मान वाढला." तेव्हापासून दर आठवड्याला मी तो मान प्यायले. माझं तिथलं काम तसं साधं होतं. कापसाचं काय होऊन बसलं आहे ते बघायला त्या वर्षांत जिल्ह्यात मुंबई-दिल्लीची माणसं येत होती, निरुपमाताई त्यांना आपल्या जीपमधून गावोगाव नेत, बायकांना बोलतं करत, आणि त्या कॅसेटवरचं बोलणं मी कागदावर उतरवून द्यायची. एम.ए. झालेली, आणि वऱ्हाडी कळणारी. ताई म्हणायच्या, "बोलीतली चव जाऊ देऊ नकोस हं." झरी जामणीकडच्या एका बाईने कॅसेटवर सांगितलं होतं की यंदा काहीच उरलं नाही, पण खुर्च्या आणल्या पलाष्टिकच्या, चार, लाल, पाहुणा आला त बसायले पाह्यजे ना बाई. हे सांगताना तिचा आवाज पहिल्यांदाच जरा वर गेला होता. ताईंनी त्या ओळीवर काट मारली. म्हणाल्या, विषयाला धरून नाही. मी टेप पुन्हा मागे नेऊन त्या खुर्च्या ऐकल्या होत्या. तिचा एकटीचा आनंद होता तो, आणि तो विषयाला धरून नव्हता.

परत येताना दीपाला कडेवर घेतलं. जिनिंग कारखान्याकडे जाणाऱ्या गाड्या उभ्या होत्या, हंगामाचा शेवटचा कापूस, आणि त्यांवर कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांसारखी वाळलेली माणसं बसलेली. रुई उडून दीपाच्या केसांत बसत होती, ती काढायची म्हणून मी थांबले, आणि जिथे थांबले तिथे समोर हर मालचं दुकान होतं. उन्हाने डोळे दिपले होते. आत शिरल्यावर आधी प्लास्टिकचा वास आला. मला तो वास आवडतो. कोणाच्या घराचा नसलेला वास. बादल्या एकीत एक बसलेल्या, सुपल्या, साबणदाण्या, डबे, गाळण्या, सगळं थप्प्यांनी, आणि मागच्या फळीवर कप. पांढरे, काठाला एक बारीक तांबूस रेघ, कानाजवळ दोन छोटी फुलं. एकावर एक असे उलटे रचलेले, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी एक उचलला. मग दुसरा. बाजूबाजूला धरले. फुलं त्याच जागी, रेघ त्याच जागी संपलेली, जिथे संपते तिथला तो किंचित जाड ठिपकासुद्धा दोन्हींवर. दुकानदार म्हणाला, "पाहून घ्या बाई." मी म्हटलं, "काय पाहू, सारखेच आहेत." "सारखेच," तो म्हणाला, "कोणताबी घ्या." कोणताबी घ्या. मला ते वाक्य कोणी मांडीवर ठेवून थोपटल्यासारखं वाटलं. या कपाला बनवताना कोणी विचार केला नाही की हा कोणाकडे जाईल. साच्यात पडला, बाहेर आला, गाडीत भरला. त्याला मी माहीत नाही. त्याच्यालेखी मी कोणीच नाही, आणि शेजारची जोशीणही कोणीच नाही, आणि हे इतकं स्वस्त मिळतं. मी सहा घेतले.

माझं घर अशाच वस्तूंनी भरलेलं आहे आणि मला त्याची लाज वाटावी अशी निरुपमाताईंची इच्छा होती. एकदा त्या उभ्याउभ्या येऊन गेल्या होत्या. मरून खुर्च्या बघितल्या, गुलाबांची चादर बघितली, सोनेरी काठाचं घड्याळ, दारावरचं निळ्या फुलांचं पडद्याचं कापड बघितलं, आणि म्हणाल्या, "शीला, हे सगळं कुठल्याही घरात असतं गं. तुझं काय आहे यात? तुमच्या जगण्याला केवढा वेगळा पोत आहे. तो दिसू दे ना." पोत. मी त्या दिवशी घर झाडताना तो शब्द कितीदा तरी केरात लोटला. कॉलनीत चौघींच्या घरी हीच गुलाबांची चादर आहे. दुपारी गच्चीवर वाळत घातल्या की कोणती कोणाची ते कळत नाही, एकदा माझी पाटलीणबाईंकडे गेली आणि त्यांची माझ्याकडे आली, कितीतरी दिवस आम्ही एकमेकींच्या चादरीवर निजलो आणि दोघींनाही पत्ता नाही. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी त्या हसल्या. पण मी आत जाऊन दार लावलं आणि भिंतीला टेकून उभी राहिले. पाटलीणबाई माझ्या चादरीवर निजल्या होत्या. इतकं साधं. हे आमच्या आजीला सांगितलं असतं तर तिला खोटं वाटलं असतं. ताईंना सांगितलं असतं तर त्यांनी कॅसेट लावली असती. भिंतीवर आमच्याकडे दोन फोटो आहेत, आमच्या प्रत्येक घरात असतात तेच, लाखांनी छापलेले, आणि कोणत्याही वस्तीत, कोणत्याही खोलीत गेलं तरी तोच चष्मा, तोच कोट. ते वेगळे असते तर मला आवडलं नसतं.

माझे वडील, उकंडा, एस.टी.त कंडक्टर होते. आम्ही तेव्हा केळापूरकडे राहायचो. पहिल्या पगारवाढीला ते आईला घेऊन पांढरकवड्याला स्टीलची भांडी आणायला गेले, मी मागे मागे होते. दुकानाबाहेर एकजण नाव कोरायचं यंत्र घेऊन बसलेला, कर्र कर्र आवाज, आणि बारीक भुसा. भांडं घेतलं की त्यावर नाव टाकायचं, ही सगळ्यांचीच रीत. नवऱ्याचं नाव, आडनाव, साल. दुकानदार म्हणाला, "नाव टाकून देतो, फुकट." वडील म्हणाले, "नाव नको." आई म्हणाली, "काहून? लग्नाकार्यात कोणाच्या घरी गेलं त वळखाव कसं?" तर वडील म्हणाले, "नाही वळखलं त बरंच हाय." आई घरी येईस्तोवर धुसफुसत होती. त्या गंज-पातेल्यांवर, त्या ग्लासांवर कधीच काही कोरलं गेलं नाही. मी मोठी झाल्यावर मला कळलं, कारण आजोबा सांगायचे, गावातल्या चहाच्या हॉटेलात त्यांच्यासाठी एक कप वेगळा असायचा, कान तुटलेला, बाहेर छपराच्या लाकडी बल्लीत खोचलेला. आपण काढायचा, आपण धुवायचा, आपण परत खोचायचा. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर आजोबा त्या हॉटेलात गेलेच नाहीत. पण सांगताना म्हणायचे, "लांबूनच वळखू ये तो कप." त्या कपाचं वर्णन मी इतक्यांदा ऐकलं होतं की तो माझ्या बोटांना माहीत होता. आणि निरुपमाताईंचा निळा? त्याला कान होता. चांगला होता. त्यावर कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा होता, आणि ताई म्हणायच्या की तोच त्याचा प्राण आहे.

अश्वजितला मी सांगितलं. तो दाढी करत होता. "तू लयच इचार करतं," तो म्हणाला. "इतक्या वर्षाची बाई ते. आपल्या लोकायसाठी मोर्चे काढले त्यायनं. तुले एक कप दिला त तुह्या पोटात दुखून राह्यलं, नसता दिला तरी दुखलं असतं." हे खरं होतं आणि मला त्याचा संताप आला. खरं बोलणाऱ्या माणसाच्या गालावरचा साबण फार मूर्ख दिसतो. त्याला काळजी दीपाची होती. ताई घराच्या मागच्या अंगणात बालवाडी चालवत, मोजकी मुलं घेत, डॉक्टरांची, प्राध्यापकांची, आणि त्यांनी स्वतःहून म्हटलं होतं, दीपाला मी घेते. गावातल्या कॉन्व्हेंटांना त्या कारखाने म्हणायच्या. त्यांच्या बालवाडीत गणवेश नव्हता, प्रत्येक मूल वेगळं, प्रत्येकाने आपल्याला हवं ते घालून यावं, आपल्या मनाने खेळावं, आपल्या कपातून दूध प्यावं. मी अंगणात खिळ्यांवर टांगलेले ते कप बघितले होते. तेव्हा मला ते गोड वाटले होते. आता रोज दुपारी दीपा निजली की तिच्या कपाळावरचा घाम पुसताना मी विचार करायची की तिच्यासाठी कोणता. ती मोठी होईल तेव्हा तिला कसं कळेल, आणि कोणाच्या घरी कळेल, आणि तेव्हा माझ्यासारखीच ती हसेल का. मला पुरावा हवा होता. नाही, पुरावा नको होता. पुरावा सापडला असता तर मी काय केलं असतं. मला फक्त त्या पांढऱ्या कपांतला एक त्यांच्या ओठांना लागलेला बघायचा होता.

म्हणून मी त्यांना चहाला बोलावलं. एप्रिल लागला होता, कूलरमध्ये पाणी टाकून ठेवलं. दीपाचं काय ते नक्की करू, असं त्या म्हणाल्याच होत्या. सकाळपासून मी ते सहा कप धुतले, पुसले, पुन्हा धुतले, आणि ट्रेमध्ये त्यांच्या जागा बदलत राहिले, जणू मलाच कळू नये की कोणता कोणासमोर जाणार आहे. ताई आल्या, खादीची साडी, खांद्याला झोळी, दीपाचा गाल ओढला. अश्वजित फार मोठ्याने बोलत होता. "या ताई, बसा, गरम लय होऊन राह्यलं." मी ट्रे आणला. तीन कप सारखे सारखे वाफाळत होते आणि मला ते इतके सुंदर दिसले की क्षणभर मी कशासाठी उभी आहे तेच विसरले. ताईंनी बघितलं. म्हणाल्या, "अरे वा, नवे?" आणि झोळीत हात घातला, आणि फडक्यात गुंडाळलेला आपला कप काढून माझ्यापुढे धरला. "यात ओत गं. मी कुठेही गेले तरी माझा माझा घेऊन फिरते. सवय."

अश्वजित हसला. "चांगली सवय हाय," तो म्हणाला. मी ट्रे धरून उभी. म्हटलं, "ताई, यातला घ्या ना." "अगं, हे कसले कसले रंग देतात आजकाल, पोटात जातात. आणि खरं सांगू, मला मशीनचा कप ओठाला लावला की काही वाटतच नाही. मेलेला वाटतो." कप पुढे धरलेलाच होता. मी एका कपातला चहा त्या कपात ओतला. तीच धार. या वेळी ओतणारी मी होते. दीपा खुर्चीच्या दांड्यावर लोंबकळत बघत होती. "आई, त्यायचा कप वेगळा काहून हाय?" "कारण प्रत्येक माणूस वेगळा असतो, राणी," ताई तिच्याकडे वाकून म्हणाल्या, खरंच मायेने म्हणाल्या. "तुझासुद्धा करून ठेवलाय मी. आईसारखाच. निळा."

"निळाच काहून?" मी म्हटलं. त्यांच्यासमोर मी कधी वऱ्हाडी बोलले नव्हते. ताईंनी मान वर केली. "तुला आवडतो ना निळा?" "मी कधी म्हटलं?" "नाही म्हणजे, मला वाटलं, तुमच्यात…" त्या थांबल्या. कूलरचा पंखा किरकिरत होता. अश्वजितच्या तोंडाशी गेलेला कप तिथेच होता. मी ताईंच्या ओठांकडे बघत होते, आयुष्यात कोणाकडे इतकं बघितलं नसेल. "तुमच्या घरात म्हणजे," त्या म्हणाल्या, "पडदेसुद्धा निळेच आहेत ना." पडदे खरंच निळे होते. निळ्या फुलांचे, मी आणलेले, बाजारातून. मला त्या पडद्यांचा इतका राग आला की ओढून काढावेसे वाटले. त्यांनी ते शब्द पडद्यांकडे बघून शोधले की आधीच त्यांच्या मनात होते, हे मला आजही माहीत नाही, आणि त्यांनाही माहीत नसेल असं कधी कधी वाटतं, आणि ते सगळ्यात वाईट. त्यांच्या बाजूने सगळं नीट बसत होतं. कुंभार, अंगठा, रंग, पोट, सवय. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला सुंदरसं कारण होतं, आणि माझ्याकडे फक्त घशातला आवाज.

"दीपाला आम्ही कॉन्व्हेंटात घालतोय," मी म्हटलं.

अश्वजितने माझ्याकडे बघितलं. ताईंनी कप खाली ठेवला, अर्धा प्यालेला. "शीला, तो कारखाना आहे गं. पन्नास पोरं एका खोलीत. साच्यातून काढल्यासारखी बाहेर पडतात सगळी." "हो," मी म्हटलं. "तसंच पाह्यजे आम्हाला." ताई उठल्या, कप धुवायला मोरीकडे जाऊ लागल्या, मी "राहू द्या" म्हटलं नाही. त्यांनी आपला आपण धुतला, फडक्यात गुंडाळला, झोळीत टाकला. दारात दीपाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुझ्या आईला कळत नाहीये ती काय घालवतेय." त्या गेल्यावर अश्वजित खुर्चीत तसाच बसून राहिला. "काय भेटलं तुले?" तो म्हणाला. "सांग ना, काय भेटलं? उद्यापासून कॅसेट बी बंद." मी त्याच्या हातातला कप घेतला, उरलेला थंड चहा त्याच्यादेखत पिऊन टाकला, आणि दुसरा भरून दिला. कोणता कोणाचा होता ते त्याला विचारलं नाही. बरेच दिवस आम्ही फक्त गॅसच्या नंबराबद्दल आणि नळाबद्दल बोललो. कॅसेटी आल्या नाहीत. वकीलसाहेबांची बायको रस्त्यात भेटली की स्वतःच्या चपलांकडे बघायची. पाटलीणबाईंनी विचारलं, "भांडण झालं म्हणते ना तुमचं? येवढ्या चांगल्या बाईशी?" मी म्हटलं, नाही, शाळा लांब पडते. त्यांना पटलं नाही आणि त्यांना पटलं नाही हे मला पटलं.

जूनच्या शेवटी शाळा सुरू झाली. गणवेशाच्या दुकानात लाल चौकड्यांच्या फ्रॉकांची थप्पी छतापर्यंत गेली होती. बाईने मापाची पट्टीसुद्धा लावली नाही, दीपाकडे बघितलं आणि मधलाच एक ओढला. रबराचा टाय, पांढरे मोजे, दोन लाल रिबिनी. अश्वजितने तिला स्कूटरवर पुढे उभं केलं, मी मागे. फाटकाशी तो म्हणाला, "पाह्य, रडली त सांगू नको मले," आणि ऑफिसला निघून गेला. दीपा रडली नाही. शिपाईणीने तिचा हात माझ्या हातातून काढून रांगेत लावला, आणि रांग पटांगणात जाऊन दुसऱ्या रांगांना मिळाली, तीन, चार, पाच रांगा, सगळे लाल चौकडे, सगळ्या रिबिनी, मागून सारखीच तेल लावलेली डोकी. मी गजांना धरून तिला शोधत होते. आधी मला वाटलं डावीकडून दुसरी. तिने मान वळवली तर ती नव्हती. मग मधल्या रांगेतली एक, तिचे मोजे खाली घसरलेले, दीपाचेही घसरतात. तीही नाही. ओरडून हाक मारावी असं झालं, तिचं नाव, पूर्ण नाव, आडनावासकट, म्हणजे ती तरी वळेल. मी तोंड उघडलं आणि मिटलं. बाई शिट्टी वाजवत होत्या आणि ती सगळी पोरं एकदम हात वर करत होती, एकदम खाली. हळूहळू माझे हात गजांवरून सुटले. कोणीही तिथे उभं राहून बोट दाखवू शकलं नसतं. मीसुद्धा नाही.

शेजारी एक बाई उभी होती, पदराने तोंड पुसत. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "तुमची कोणती व बाई?"

"त्यातलीच एक हाय," मी म्हटलं.

ती पुन्हा पटांगणाकडे बघायला लागली. टाचा उंचावून, डोळे बारीक करून, या रांगेतून त्या रांगेत. तिलाही तिची सापडत नव्हती.